एटी टायर घेताना काय बघायचं आणि कच्च्या रस्त्यावर ते कसे तपासायचे

थार, जिमनी, गुरखा, जुनी बोलेरो, जी काय गाडी असेल तिला एटी टायर, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीकडे चालणारे ऑल-टेरेन टायर, टाकायचे ठरवलेत ना, मग कुठला ब्रँड भारी यावर मित्रांशी भांडत बसण्याआधी एक काम करा. तुमची गाडी वर्षभरात खरंच कुठे कुठे फिरते ते एका कागदावर लिहून काढा. बहुतेक पुणेकरांचं चित्र सारखंच निघतं, रोज हिंजवडी नाहीतर खराडी, अधूनमधून गावाकडे फेरी, आणि सुट्टीला पानशेत, वेल्हे, मुळशी, राजमाची असलं काहीतरी. म्हणजे शंभरातले ऐंशी-नव्वद किलोमीटर डांबर आणि सिमेंटच. एटी टायर नेमका याच्यासाठी बनवलेला असतो. एमटीची, म्हणजे खास चिखलासाठीच्या मड-टेरेन टायरची, मोठमोठी नक्षी फोटोत कितीही भारी दिसली तरी रोजच्या रस्त्यावर तो घोंघावतो, ओल्या डांबरावर ब्रेक लांब लागतो आणि झिजतोही पटकन. आठवड्याला चिखलात उतरणारा माणूस असेल तर त्याने एमटी घ्यावेत, बाकीच्यांनी एटीच.

दुसरी गोष्ट मी सगळ्यांना कळकळीने सांगतो. टायर विकत घेतला म्हणजे निम्मंच काम झालं. उरलेलं निम्मं तुम्ही त्यात हवा किती ठेवता यावर आहे, आणि तुमच्या गाडीला, तुमच्या वजनाला, आपल्या मातीला किती हवा चालते हे कुणी सांगून कळत नाही, ते ओळखीच्या चढावर स्वतः तपासूनच कळतं.

आता पुण्याची गंमत अशी आहे की शहरातून पश्चिमेला गेलात तर ताम्हिणी-वेल्ह्याकडे धो धो पाऊस, लाल चिखल, शेवाळं धरलेला काळा पाषाण, आणि पूर्वेला दिवे घाट चढून सासवडकडे गेलात की कोरडा मुरूम, बाभळीचे काटे, आणि पाऊस पडलाच तर काळी माती. दोन्हीकडे टायरची परीक्षा वेगळी. पश्चिमेला ओल्या खडकावर पकड लागते, त्याला नक्षीच्या ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा कामाला येतात. पूर्वेला काट्यापासून आणि धारदार खडीपासून वाचायला नक्षीची खोली आणि जाड साईड, म्हणजे टायरची बाजूची भिंत, लागते. काळ्या मातीत मात्र कुठलाही एटी एका मर्यादेनंतर भरतो आणि गोटा, म्हणजे नक्षी झिजून गुळगुळीत झालेल्या, टायरसारखा फिरायला लागतो, त्यामुळे हा टायर काळ्या रानात चालेल का असं विचारू नका. ओल्या काळ्या रानात गाडी घालायचीच नाही, शेतकऱ्याचं रान आणि पाणंद दोन्ही खराब होतात.

साइजकडे वळू. टायरच्या साईडवर २४५/७५ आर१६ असं लिहिलेलं असतं, त्यात २४५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमधे, ७५ म्हणजे साईडची उंची रुंदीच्या ७५ टक्के, आणि १६ म्हणजे रिम इंचात. यावरून व्यास काढता येतो. थारच्या १६ इंची रिमवर हाच टायर कंपनीतून येतो, त्याचा व्यास साधारण ७७४ मिमी. त्याऐवजी २६५/७५ आर१६ टाकला तर तो होतो ८०४ मिमी, म्हणजे ३० मिमी मोठा. पण गाडी किती उचलली? फक्त १५ मिमी, कारण एक्सलच्या खाली टायरचा अर्धाच भाग असतो. या १५ मिमीसाठी तुम्ही वजन वाढवता, पिकअप घालवता, मीटर जवळपास चार टक्के खोटा करता, आणि पूर्ण स्टिअरिंग वळवलं की मडगार्डच्या आतलं प्लास्टिक घासायचा धोका घेता. जिमनीला १९५/८० आर१५ येतो, तिथे लोक २१५/७५ आर१५ टाकतात, हा फरक दीड टक्क्याचा आहे आणि तो बऱ्यापैकी निभावतो. माझं मत विचाराल तर पहिल्या सेटला कंपनीचीच साइज ठेवा. त्याच साइजमधे चांगली नक्षी आणि योग्य हवा असेल तर गाडी काय काय चढते ते आधी बघा, मोठ्या टायरचा विचार नंतर.

आणि यात कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मधे सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल चालणार नाहीत. फेंडरच्या बाहेर आलेले टायर, वाढवलेली उंची यावर दंडही होऊ शकतो आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिलं बोट तिथेच दाखवतो. गाडीची कंपनी वरच्या मॉडेलला जी साइज देते तिच्यात राहिलात तर डोकं शांत राहतं.

साइजच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं, उदाहरणार्थ १११ एस. १११ म्हणजे एक टायर १०९० किलो पेलतो, एस म्हणजे ताशी १८० पर्यंत चालतो. एटीमधे स्पीडचं अक्षर जरा खालचं आलं तर आपल्याला फरक पडत नाही, पण वजनाचा आकडा कंपनीच्या टायरपेक्षा कमी घेऊ नका, कधीच नाही. साइजच्या आधी एलटी लिहिलं असेल तर तो लाइट ट्रकवाला कडक टायर. साईड मजबूत असते हे खरं, पण तेवढंच वजन पेलायला त्याला जास्त हवा लागते आणि रिकाम्या हलक्या गाडीत तो दगडासारखा लागतो. जिमनी जेमतेम बाराशे किलोची गाडी, तिला १० प्लायचा, म्हणजे दहा थरांच्या ताकदीचा, एलटी टायर टाकला तर तो वाकतच नाही आणि वाकला नाही तर पकडणार कसा? गुरखासारखी जड गाडी असेल, वर कॅरिअर, मागे सामान, तर एलटीला अर्थ आहे. तीन शिखरांमधे बर्फाच्या चांदणीची खूण असलेला टायर दुकानदार कौतुकाने दाखवतात, ती बर्फातल्या पकडीची खूण आहे, आपल्याकडे त्यासाठी जादा पैसे मोजायची गरज नाही. स्पितीला हिवाळ्यात जाणार असाल तर गोष्ट वेगळी.

ब्रँडबद्दल थोडक्यात, कारण यावर लोक तासन्‌तास बोलतात. योकोहामाचा जिओलँडर ए/टी, अपोलोचा अपटेरा एटी, सिएटचा क्रॉसड्राइव्ह एटी, मॅक्सिसचा ब्रावो, बीएफगुडरिचचा केओ२ ही नावं आपल्याकडे चालतात. तुमच्या साइजमधे जे मिळतंय आणि ज्याचा पाचवा टायर उद्या फाटला तर पुण्यातच दोन-चार दिवसांत पुन्हा मिळेल तोच घ्या. हा निकष लोक विसरतात. चार बाय चारला एकाच साइजचे, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे चारही टायर लागतात, घेर कमीजास्त झाला तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) आणि डिफरन्शिअलवर (एका एक्सलच्या दोन चाकांमधे ताकद वाटणारे गिअर) ताण येतो.

दुकानात जाताना एकाच ठिकाणी भाव करून मोकळे होऊ नका. मध्यवस्तीतली एखाद-दोन दुकानं, पिंपरी-चिंचवडकडचं एखादं, असे तीन भाव फोनवर घ्या आणि भाव विचारताना स्पष्ट विचारा, शेठ, पाच टायर, नवीन व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, जीएसटीचं बिल आणि जुन्या टायरचे परत किती, सगळं धरून सांगा. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तेव्हा बिलावर १८ च लागलाय ना ते बघा. बिलाशिवाय टायर घेऊच नका, पुढे साईडला फुगा आला तर वॉरंटीसाठी बिलच लागतं. पाचवा टायर का, तर स्टेपनी जुनी आणि बारीक ठेवून चार नवीन टाकले की राजमाचीच्या वाटेवर पंक्चर झाल्यावर तुमच्या गाडीला चौथा पाय वेगळ्याच घेराचा बसतो आणि तुम्ही नेमके तेव्हाच फोर हायमधे, म्हणजे चारही चाकांना ताकद लावून, असता.

टायर बाहेर काढला की त्याच्या साईडवर डॉट ही अक्षरं शोधा, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. १२२५ असेल तर २०२५ सालचा बारावा आठवडा. कधीकधी हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, म्हणून दुसरी बाजूही फिरवून बघा. सहा-आठ महिन्यांचा माल चालतो, दोन वर्षं गोडाऊनमधे पडलेला एटी सवलतीत दिला तरी घेऊ नका, रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. पाचही टायरचे आकडे बघा, चार ताजे आणि स्टेपनीसाठी एक जुना असं सर्रास होतं. मग बोट फिरवून नक्षीच्या खोबणीत खाली बारीक उंचवटे सापडतात का बघा, त्या झिजेच्या खुणा १.६ मिमीवर असतात, नक्षी तिथपर्यंत आली की टायर कायद्याने बाद. पण कच्च्यावर त्याच्या कितीतरी आधीच एटीची पकड जाते, मी तर चारेक मिमी उरली की पावसाळा त्यावर काढू नका असंच सांगेन.

फिटिंगला तिथेच उभे राहा. रबरी व्हॉल्व्ह नवीन टाकायला लावा. नट आधी हाताने फिरवून मग ताऱ्याच्या आकारात, म्हणजे समोरासमोरचे, आवळायचे आणि शेवटचा हिसका एअर गनने नाही तर टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते मोजणारा पाना), गाडीच्या मॅन्युअलमधे आकडा असतो. गनने ठोकलेले नट जंगलात जॅकवर उभ्या गाडीला साध्या पान्याने सुटत नाहीत. नायट्रोजन भरू का विचारतील, नको म्हणा, आपण दर वेळी हवा सोडणार आणि भरणार, त्यात साधी हवाच बरी. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट परत एकदा तपासायचे.

पहिले तीनचारशे किलोमीटर गाडी निवांत चालवा. नवीन टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेला थर असतो, तो घासून जाईपर्यंत ओल्या रस्त्यावर टायर दगा देऊ शकतो. म्हणूनच मी म्हणतो की टायर मे महिन्यात घ्या, जूनच्या पहिल्या पावसाच्या आदल्या दिवशी नाही. याच दिवसांत एक्सप्रेसवेवर एक फेरी मारा, काच वर करून सिमेंटवर ऐंशीला आणि शंभरला आवाज ऐका. थोडी गुणगुण येणार, ते एटीचं लक्षण आहे. पण स्टिअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंग नीट झालेलं नाही, गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट. मोबाईलच्या जीपीएसवरचा स्पीड आणि मीटर दोन्ही एकदा पडताळून घ्या, साइज बदलली असेल तर हे करायलाच हवं.

रस्त्याची हवा ठरवायला खडूची युक्ती करा. सोसायटीच्या सपाट पार्किंगमधे टायरच्या नक्षीवर आडवी, या कडेपासून त्या कडेपर्यंत जाड खडूची रेघ मारा आणि गाडी सरळ वीस-तीस फूट पुढे न्या. उतरून बघा. मधलीच रेघ पुसली आणि कडेची तशीच राहिली तर हवा जास्त आहे, टायर मधेच उभा राहतोय. कडा पुसल्या आणि मधे खडू राहिला तर हवा कमी. सगळीकडून सारखी पुसली की तो आकडा लिहून ठेवा, सकाळी टायर थंड असतानाचा. कंपनीच्याच साइजचा साधा टायर असेल तर दाराच्या खांबावरचा स्टिकर बरोबरच असतो, एलटी किंवा वेगळी साइज असेल तर ही रेघच कामाला येते. तपासताना हवेचा आकडा पंपावरच्या मीटरवरून घेऊ नका, स्वतःचा एक चांगला गेज घ्या आणि कायम तोच वापरा.

घासतं का ते बघायला स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, पुढे आणि रिव्हर्सला, दोन्हीकडे. मग एक चाक फुटपाथसारख्या उंचवट्यावर चढवून परत तेच करा, कारण सपाटीवर न घासणारा टायर सस्पेन्शन दबल्यावर घासतो. रिव्हर्स लोक विसरतात, आणि टायर मडफ्लॅपला नेमका तिथेच लागतो.

आता कच्चा रस्ता. पहिल्याच दिवशी राजमाची नको. लोणावळ्याहून राजमाचीची वाट चांगली पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे, त्यात मोठाले दगड, ओढे, आणि पावसात तर अजूनच अवघड, तिथे टायरची ओळख करून घ्यायची नसते, ओळख झाल्यावर जायचं असतं. वेताळ टेकडी, तळजाई या टेकड्यांवर तर गाडी घालायची कल्पनाही करू नका, त्या चालणाऱ्यांच्या आणि मोरांच्या आहेत. ताम्हिणी अभयारण्यात आणि वनखात्याच्या कुठल्याही जमिनीवर रस्ता सोडून उतरणं गुन्हा आहे. पावसाळ्यात जिल्हाधिकारी बऱ्याच ठिकाणी बंदी घालतात, निघण्याआधी ते बघा. सासवड, पुरंदर, वेल्हे भागात कुणाच्या ओळखीचं माळरान असेल तर मालकाला विचारून तिथे जा, दादा, गाडी तपासायची आहे, रान खराब नाही करणार, एवढं बोललं तरी लोक परवानगी देतात. आणि एकटे जाऊ नका, दुसरी गाडी बरोबर हवीच.

एक चढ निवडा. मुरमाचा, वर सुटी खडी असलेला, चारपाच गाड्यांच्या लांबीचा, दोन्ही बाजूंना दरी नसलेला आणि खाली परत येऊन थांबायला सपाट जागा असलेला. पहिल्यांदा रस्त्याच्या हवेवर, टू व्हील ड्राइव्हमधे, पहिल्या गिअरला, हळू. गाडी जिथे जागेवर घुमायला लागेल तिथे अ‍ॅक्सिलरेटर सोडा, जास्त फिरवून खड्डा पाडू नका, आणि त्या जागी कडेला एक दगड ठेवा. खाली या. हवा २५ पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप, पुढचे आकडेही त्यातच) आणा, परत तोच गिअर, तोच वेग, तीच चाकोरी. परत दगड. मग २२, मग २०. दर वेळी दगड वर सरकत जातो, आणि एका आकड्यानंतर फार सरकत नाही. तो तुमचा मुरमाचा आकडा. हा एक तास जो घालवतो त्याला टायरबद्दल जेवढं कळतं तेवढं कुठलाही व्हिडिओ बघून कळत नाही. हवा कमी केल्यावर बाहेर उभ्या माणसाला टायरकडे बघायला सांगा, खाली त्याचं पोट सुटलेलं दिसतं, जमिनीला टेकलेला भाग रुंदीपेक्षा लांबीला वाढतो, आणि ठोकळे दगडाला वरून ठोकत नाहीत तर त्याच्याभोवती बसतात. फोर लोमधे, म्हणजे चारही चाकं आणि हळू पण जोरदार गिअर लावून, हेच परत करा, मग त्याच चढावर मधे थांबून परत उठवा. उतरताना पहिल्या गिअरवर इंजिनच्या ओढीने या, ब्रेक हलका मारून टायर सरकतो का बघा, चढापेक्षा उतारावरच टायरची पकड खरी कळते.

खडकावर आकडा बदलतो. आपला सह्याद्रीचा काळा दगड फुटला की त्याला सुरीसारखी धार येते, आणि २० वर आणलेल्या टायरचं ते सुटलेलं पोट नेमकं त्या धारेवर घासतं. साईड कापली की पट्टी मारून काही होत नाही, तो टायर गेला. म्हणून धारदार खडकात मी २४-२६ च्या खाली जात नाही आणि चाक दगडाच्या बाजूने न्यायच्या ऐवजी सरळ दगडावर चढवतो, नक्षीवर घाव झेलला जातो, साईडवर नाही. लाल चिखलात १८-२० पर्यंत जाता येतं, तिथे नक्षी भरली की दोन सेकंद जरा जास्त फिरवून माती झाडून टाकायची, झडत नसेल तर मागे या. १५ च्या खाली साध्या रिमवर नकोच, वळताना टायर रिमवरून निसटतो. ओलं गवत आणि शेवाळं, यावर कुठलाच टायर भरवशाचा नाही, तिथे पायी चालून बघा, तुमचा बूट सरकत असेल तर गाडीही सरकणार.

ओल्या डांबराचीही एक चाचणी पावसाळा सुरू झाल्यावर करा, कारण एटीची कमजोर बाजू तिथेच आहे. रिकामा सरळ रस्ता, मागे कुणी नाही याची खात्री, ताशी ४० वरून जोरात ब्रेक. एबीएस कधी थरथरायला लागतो आणि गाडी किती लांब थांबते ते डोक्यात बसलं की घाटातल्या वळणावर पुढच्या गाडीपासून अंतर आपोआप वाढतं.

डांबरावर यायच्या आधी हवा परत भरायची, इथे आळस नको. २० वर ठेवून गाडी साठ-सत्तरने पळवली की साईड सतत वाकून तापते आणि आतून तुटते, बाहेरून काही दिसत नाही, आठवड्याने एक्सप्रेसवेवर फुटतो. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर बॅटरीला थेट चिमट्याने लावणारा घ्या, सिगारेट लायटरवाल्या सॉकेटचा फ्यूज मोठ्या पंपाला पुरत नाही. तापलेल्या टायरचा आकडा जास्त दाखवतो, तेव्हा घरी पोचल्यावर सकाळी थंड असताना परत जुळवा. फोर हायसुद्धा डांबर लागलं की काढून टाका, कोरड्या रस्त्यावर टायरही झिजतात आणि गिअरही अडकतात.

घरी आल्यावर टायर धुवा आणि एकेक करून हाताने चाचपडा. नक्षीत अडकलेली खडी स्क्रूड्रायव्हरने काढा, ती तशीच राहिली तर चालून चालून आत घुसते. बाभळीचा काटा दिसला तर लगेच उपटू नका, आधी साबणाचं पाणी टाका, बुडबुडे आले तर पट्टी आणि पंप हाताशी घेऊनच काढा. आतल्या बाजूची साईड बघायला विसरू नका, गाडीखाली वाकून टॉर्च मारा, काप बहुतेक वेळा तिथेच असतो. दर आठेक हजार किलोमीटरला स्टेपनीसकट पाचही टायर फिरवून लावा, म्हणजे सगळे सारखे झिजतात आणि स्टेपनीही वेळेला उपयोगी पडते. आणि तुमचे ते तीन आकडे, रस्त्याचा, मुरमाचा, खडकाचा, कागदावर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात चिकटवून ठेवा, गाडी भावाने नाहीतर मित्राने नेली तरी त्याला ते मिळाले पाहिजेत.